कुठल्या रानात?

दिवाळीला गावी गेले होते. भातकापणी उरकत आलेली, खळ्यात पेंढ्याचा वास कोंदलेला, आणि एका पहाटे शेजारच्या काकींची हाक आली, "आर इलो गेऽ, आर!" आर म्हणजे अजगर; आमच्याकडे एवढं पुरतं. अंथरुणातली माणसं टॉर्च घेऊन खुराड्यापाशी हजर झाली. अजगर आतच होता. रात्री कधीतरी चिऱ्यांमधल्या फटीतून शिरला असणार. दोन कोंबड्या गिळून झाल्यावर त्याच फटीतून बाहेर पडता येईना, म्हणून कोपऱ्यात वेटोळं घालून पडला होता. टॉर्चच्या उजेडात आधी अंग दिसलं, फिकट पिवळसर, त्यावर गडद काठांचे वेडेवाकडे तपकिरी ठिपके, आणि उजेड हलला की त्यावरून सरकत जाणारी निळसर झाक. मग पोटाचा फुगवटा दिसला. डोकं सगळ्यात शेवटी सापडलं. वर दांडीवर उरलेल्या कोंबड्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. एकीचाही आवाज नव्हता.

वनखात्याला कळवून तालुक्याच्या गावचा सर्पमित्र मोटारसायकलवरून आला. पंचविशीचा मुलगा, बोलणं कमी, हात शांत. त्याने अजगर बाहेर काढला तेव्हा आठ-नऊ फूट भरेल असं वाटलं. शेपटीच्या मुळाशी, पोटाकडच्या बाजूला, दोन बारीक नखं त्याने पोरांना दाखवली. "हे मागच्या पायांचं उरलेलं. नराची मोठी असतात, ही मादी असावी," म्हणाला. मी हात लावून पाहिला. अंग कोरडं, गार, आणि आतून सतत कुठेतरी आवळणारं-सैलावणारं. मग ती गोणीत गेली, गोणी पडवीच्या सावलीत ठेवली, आणि चहा होईपर्यंत गोणी जोरजोरात हलायला लागली. त्याने तोंड सोडलं तर अजगरीने आधी एक आणि मग दुसरी, दोन्ही कोंबड्या बाहेर टाकल्या. सारवलेल्या खळ्यावर त्या पडल्या: पिसं अंगाला घट्ट बसलेली, मान आणि पाय एका रेषेत ओढले गेलेले, पिळून टाकलेल्या पंचासारख्या लांबोळक्या. एक आंबूस वास खळ्यात पसरला. पोरं मागे सरली. काकी मात्र तिथेच उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "माझी कोंबडी गेली ती गेली, ह्येच्या पोटातय रवली नाय."

गोणी मोटारसायकलच्या मागे बांधली जात असताना वाडीतल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी विचारलं, "खय सोडतलंस?"

"रानात, आजोबा. लांब, घाटाकडे."

"खयच्या रानात?"

तोवर गाडी सुरू झाली होती.

काकींचं ते वाक्य आणि आजोबांचा तो प्रश्न, दोन्ही माझ्याबरोबर पुण्याला आले. आणि तेव्हापासून अजगराबद्दल जे जे वाचलं, ऐकलं, पाहिलं होतं, ते सगळं या दोन गोष्टींभोवती जमा व्हायला लागलं.

अजगर घाबरला की खाल्लेलं टाकून देतो. जड पोटाने पळता येत नाही, म्हणून जीव वाचवायला जेवण सोडायचं, एवढा साधा हिशोब. पण त्या जेवणाची किंमत आपल्या लक्षात येत नाही, कारण आपण दिवसातून तीनदा जेवतो. अजगराचं पोट आपल्यासारखं कायम चालू नसतं. दोन जेवणांच्या मधल्या आठवड्यांत, कधी महिन्यांत, त्याची आतडी आक्रसून जवळपास विश्रांतीला जातात. भक्ष्य पोटात गेलं की सगळं यंत्र पुन्हा उभं करायचं. आपल्या अजगराचा जवळचा भाऊबंद असलेल्या ब्रह्मी अजगरावर प्रयोगशाळांत याचा खूप अभ्यास झालाय. मोठं जेवण झाल्यावर दोन दिवसांत त्याच्या हृदयाच्या मुख्य कप्प्याचं वजन ४० टक्क्यांपर्यंत वाढलेलं आढळलं, २००५ साली ते प्रसिद्धही झालं. लहान आतडं जवळजवळ दुप्पट होतं. पचन संपलं की सगळं पुन्हा पहिल्यासारखं लहान. म्हणजे जेवणासाठी तो आधी स्वतःचं शरीर बांधतो, आणि बांधायला लागणारी ताकद मागच्या शिलकीतून काढतो. शिवाय पचवायला ऊब हवी. ऊन मिळालं नाही, अंग गार राहिलं, तर भक्ष्य पोटातच कुजू शकतं. त्या पहाटे तिने ही सगळी तयारी सुरू केली असणार, आणि उन्हं यायच्या आधी आम्ही टॉर्च घेऊन पोचलो.

आणि ती मादी होती. अजगरांची मीलनाची वेळ थंडीतली, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी; अंडी त्यानंतर, उन्हाळ्यात. अंड्यांना लागणारी चरबी मादीला आधीच्या महिन्यांत अंगावर साठवावी लागते. पुरेशी साठली नाही तर ती त्या वर्षी अंडी घालतच नाही, एक-दोन वर्षं थांबते. दिवाळीतल्या त्या दोन कोंबड्यांचं पुढे काय होणार होतं याचा विचार केला की खळ्यावरचं ते दृश्य मला जास्त बोचतं. काकींच्या कोंबड्याही अंडी देणाऱ्याच होत्या, हेही तितकंच खरं. कोणाच्या नुकसानीचं वाईट वाटून घ्यायचं हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही, आजही येत नाही.

सुस्त माणसाला आपण अजगर म्हणतो. जेवून आडव्या झालेल्या नवऱ्याला, काम न करणाऱ्या सरकारी फाइलीला, सगळ्याला अजगर. पण ज्याने रानात अजगर शिकारीला बसलेला बघितलाय तो असं म्हणणार नाही. मी लहानपणी एकदाच बघितला, माझ्या आजोबांबरोबर व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, गेले असताना. पाण्यावर उतरणारी जनावरांची एक बारीक वाट होती, करवंदीच्या जाळीखालून जाणारी. आजोबांनी माझा खांदा दाबून मला थांबवलं आणि बोट दाखवलं. बराच वेळ मला फक्त सुकलेली पानं दिसत होती. मग त्या पानांत एक रेघ हलली, ती जीभ होती. जीभ दिसल्यावर डोकं दिसलं, वाटेच्या कडेला, वेटोळ्याच्या वरच्या थरावर टेकवलेलं, आणि डोकं दिसल्यावर एकदम सगळा अजगर दिसला, आमच्यापासून चार पावलांवर. तो आमच्याआधी कितीतरी वेळ तिथे होता आणि आम्ही गेल्यावरही तिथेच राहिला असेल. ती जागा त्याने उगाच धरली नव्हती. तिथून काय जातं, कधी जातं, हे जिभेने वास चाखून चाखून त्याने ठरवलेलं असतं. वरच्या ओठाच्या खवल्यांत बारीक खळगे असतात, त्यांना उष्णता कळते. काळोखात उंदीर समोरून गेला की भोवतालच्या गार मातीपेक्षा तो किती ऊन आहे यावरून त्याची जागा अजगराला समजते. डोळे, जीभ आणि ते खळगे, तिन्ही एकाच वेळी कामावर, आणि अंग निश्चल. रात्रभर. दुसऱ्या दिवशीही. इतका वेळ एका जागी इतकं जागं राहणं मला तरी कधी जमलेलं नाही.

दत्तगुरूंच्या चोवीस गुरूंमध्ये अजगर आहे, हे आजीकडून ऐकलेलं. जे समोर येईल ते घ्यायचं, नाही आलं तर शांत राहायचं, धावाधाव करायची नाही, हा त्याच्याकडून घेतलेला धडा. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जाणारी आजी अजगर निघाला की हात जोडायची आणि मग कोंबड्या मोजायला जायची. दोन्ही मनापासून. मला तिचं हे नेहमीच समजदारीचं वाटत आलंय.

अजगर चालतो तेही बघण्यासारखं असतं. धामण किंवा नाग जातात तसा घाईचा नागमोडी नाही. निवांत असला की सरळ रेषेत जातो, ताणलेल्या दोरीसारखा नव्हे, कारण दोरी कोणीतरी ओढतं. हा स्वतःच पुढे सरकतो आणि कुठे काय हलतंय ते कळत नाही. पोटाखालचे रुंद खवले जमीन धरतात, कातडीचे स्नायू अंग पुढे खेचतात, मग पुढचे खवले जमीन धरतात. फासळ्या जागच्या हलत नाहीत. सुक्या काजूच्या पानांवरून तो गेला की एकसलग, न तुटणारा आवाज येतो. पावलं टाकणाऱ्या कुठल्याच जनावराचा आवाज तसा नसतो, आणि एकदा ऐकला की रानात कान आपोआप तो शोधत राहतात.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत भरतपूरला गेले होते. सगळे पक्षी बघायला जातात, मीही त्यासाठीच गेले होते. सायकलरिक्षा चालवणारे सरदारजी तिथे वाटाड्याचंही काम करतात. धुकं विरून ऊन पडल्यावर आमच्या सरदारजींनी रिक्षा एका मातीच्या उंचवट्यापासून लांब थांबवली आणि आवाज न करता उतरायला सांगितलं. उंचवट्यात बिळाची दोन-तीन तोंडं होती, साळिंदराने खणलेली, आणि त्यातल्या एका तोंडाशी अजगर उन्हात पसरला होता. निम्मा बाहेर, निम्मा आत. उत्तरेकडची थंडी उघड्यावर काढणं त्याला शक्य नाही, आणि स्वतःचं बीळ खणता येत नाही. म्हणून साळिंदराच्या घरात राहायचं, आणि ऊन तापलं की दाराशी येऊन अंग शेकायचं. आत अजगर, साळिंदर आणि वटवाघळं एकाच बिळाच्या वेगवेगळ्या भागांत राहतात, हे तिथे अभ्यासकांनी पाहिलंय. भरतपूरच्या या केवलादेव राष्ट्रीय उद्यानातल्या अजगरांवर एस. भूपती या अभ्यासकाने काम केलं. त्यांचा आणि विजयन यांचा लेख १९८९ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. भूपती २०१४ साली दक्षिणेतल्या अगस्त्यमलईच्या डोंगरात काम करताना अपघातात गेले. सापांच्या मागे रानात आयुष्य घालवलेल्या त्या माणसाचं नाव पक्षी बघायला येणाऱ्यांच्या कानावर क्वचितच पडत असेल.

त्या बिळासमोर मला जे जाणवलं ते साधं होतं. अजगराला फक्त रान पुरत नाही. त्याला ते बीळ लागतं. ते बीळ त्याला माहीत असावं लागतं. कुठलं तोंड सकाळच्या उन्हाकडे आहे, तिथून पाणी किती लांब, ससा कुठल्या वाटेने येतो, हे सगळं माहीत असलेलं रान म्हणजे त्याचं रान.

अंड्यांच्या बाबतीत तर हे आणखीच. मादी बीळ, वारूळ, दगडांची कपार अशी जागा शोधते, एकमेकांना चिकटलेल्या अंड्यांचा ढीग घालते आणि त्याभोवती वेटोळं घालून बसते. दोन महिने, कधी त्याहून जास्त. या काळात ती खात नाही. ऊन कमी पडलं तर स्नायू आखडून-सोडून अंगाला कंप देते आणि त्या कंपातून ऊब तयार करते. सापाचं रक्त थंड, तो बाहेरच्या उन्हावर जगतो, हे शाळेत शिकलेलं सगळं इथे मोडतं. १८३२ साली लामार-पिको नावाच्या फ्रेंच प्रवाशाने पॅरिसच्या विद्वानांना सांगितलं की हिंदुस्थानातली अजगरीण अंडी उबवते आणि तेव्हा तिचं अंग गरम लागतं. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. मग १८४१ मध्ये पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात एका अजगरिणीने अंडी घातली, प्राणिशास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन्स यांनी थर्मामीटर लावला, आणि ती खरंच भोवतालच्या हवेपेक्षा गरम निघाली. १९६६ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या ब्रह्मी मादीवर नेमकी मोजमापं झाली, तेव्हा हा फरक ४.७ अंश सेल्सिअसपर्यंत गेला होता. उपाशी पोटी, साठवलेली चरबी जाळत, हलत-थरथरत बसलेली आई. तिला खुराड्यातून, विहिरीतून किंवा दगड रचून केलेल्या गडग्यातून उचलून अनोळखी जागी नेऊन सोडलं, तर पुढच्या उन्हाळ्यात ती हे सगळं कुठे करणार?

पिल्लं मात्र बाहेर आली की आईचं काम संपतं. दोनेक फुटांची ती पोरं पहिल्या पावसाच्या सुमाराला एकेकटी निघून जातात, आणि मुंगूस, घोरपड, शिकारी पक्षी यांच्या तावडीतून फार थोडी वाचतात. याच वयात त्यांच्यामुळे आणखी एक घोटाळा होतो, आणि तो लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. अजगर बिनविषारी आहे एवढंच ज्यांनी ऐकलेलं असतं, ते घोणस बघून "अजगराचं पिल्लू" म्हणतात आणि उचलतात. घोणशीच्या अंगावर गोल-लांबट ठिपक्यांच्या साखळ्या असतात, एकामागे एक, ठिपक्यांचे काठ काळे. अजगराचे ठिपके वेडेवाकडे, एकमेकांत शिरणारे, आणि डोक्यावर भाल्याच्या टोकासारखी खूण. घोणस डिवचली की मोठा, लांबलचक फुत्कार टाकते. तिच्या चाव्याने माणसं मरतात. खात्री नसेल तर कुठल्याच सापाला हात लावू नये, पिल्लू असो की मोठा.

वाडीतल्या त्या आजोबांच्या प्रश्नाकडे येते. फ्लोरिडाच्या दलदलीत ब्रह्मी अजगर मुळात नव्हते, पाळायला नेलेले सुटले आणि पसरले. तिथे संशोधकांनी सहा अजगरांच्या अंगात रेडिओ ट्रान्समीटर बसवून त्यांना पकडलेल्या जागेपासून २१ ते ३६ किलोमीटर दूर सोडलं. त्यातले पाच जण काही महिन्यांत पकडलेल्या जागेच्या पाच किलोमीटरच्या आत परत आले. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटलं, कारण सापाला इतक्या लांबून घरची दिशा कळते असं कोणी धरलं नव्हतं. जात वेगळी, देश वेगळा, हे मान्य. तरी आपल्याकडे रोज कुठल्या ना कुठल्या पेपरात "अजगराला सुरक्षितपणे नैसर्गिक अधिवासात सोडण्यात आले" अशी बातमी येते, तेव्हा मला ते पाच अजगर आठवतात. घाटातल्या रानात सोडलेली आमची अजगरीण तिथे राहिली, की रस्ते, कंपाउंडच्या भिंती, महामार्ग ओलांडत कोकणाकडे निघाली? तिचं घर तर वाडीच्या मागचा गडगा होता. आणि गडगेही आता जातायत. काजूच्या बागा ग्रासकटरने जमिनीबरोबर साफ ठेवतात, झुडपांच्या जागी रबर उभा राहतोय, जुन्या गडग्यांचे चिरे उचलून सिमेंटच्या भिंती होतात, आणि एका दुपारी जेसीबी येऊन गेला की साळिंदराचं पिढ्यान्‌पिढ्यांचं बीळ संपतं.

त्या सर्पमित्राचा नंबर मी गावातून मिळवला आणि त्याला हे सगळं सांगितलं. तो चिडला नाही. दिवसाची नोकरी करून रात्री-अपरात्री स्वतःच्या पेट्रोलने धावणारा मुलगा तो. त्याच्यामुळे गावात काठीखाली मरणारे कितीतरी साप वाचलेत. म्हणाला, "ताई, मलाही जवळच सोडायचा असतो. वनखात्याचे गार्डही नाही म्हणत नाहीत. पण वाडीतली माणसं म्हणतात, लांब ने, नाहीतर पुढच्या वेळी बोलावणार नाही. मग पुढच्या वेळी मारतील. म्हणून लांब नेतो." आणि जरा थांबून त्याने विचारलं, "तुमची काजूची बाग आहे ना, व्हाळाच्या वरची? तुमच्या बागेत सोडला तर चालेल?"

हो म्हणणं सोपं होतं, मी पुण्यात बसले होते. बाग काका बघतात. त्यांना फोन केला. त्यांनी थोडा विचार केला आणि तयार झाले, उंदीर-घुशी कमी होतील म्हणाले. पण लगेच पुढे म्हणाले, "बायकांका सांगू नको हां. कामाक येवच्यो नाय." फेब्रुवारीपासून बागेत बोंडं वेचायला बायका येतात, सकाळपासून वाकून, सुक्या पानांत हात घालून. त्यांना न सांगता तिथे अजगर सोडायचा हे मला पटेना. अजगर माणसाच्या वाटेला जात नाही हे खरं, पण दबला तर चावतो, आणि आत वळलेल्या दातांची जखम वाईट असते. सापाचं घर वाचवल्याचं समाधान माझं, आणि पानांत हात घालणार त्या, असं कसं चालेल? काकांशी वाद झाला. शेवटी मी त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या बाईंना फोनवर घ्यायला सांगितलं आणि जे होतं ते सरळ विचारलं. कुठून आणणार, केवढा, कुठल्या अंगाला सोडणार, हे त्यांनी नीट विचारून घेतलं. वरच्या अंगाला, वारुळाकडे सोडा म्हणाल्या, तिकडे वेचायला शेवटी जातात. मी पुन्हा एकदा विचारलं, भीती नाही ना वाटणार?

"आर काय करतलो?" त्या म्हणाल्या. "त्येका सांग, घोणस तेवढी आणून सोडू नको."